घूं, फुगलेला बेस आणि टोचणारा ‘स’ : फोनो किटवरची पत्रं

मागच्या अंकात या सदरात मी फोनो प्रीअँपचं, म्हणजे रेकॉर्डच्या सुईकडून येणारा बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या सर्किटचं, एक साधं किट जोडून दाखवलं होतं. मूव्हिंग मॅग्नेट (सुईबरोबर बारीक चुंबक हलणाऱ्या) कार्ट्रिजसाठी, दोन्ही चॅनलना मिळून एकच एनई५५३२ आयसी, अधिक-उणे १५ व्होल्टचा पुरवठा आणि १ किलोहर्ट्झला ४० डेसिबल, म्हणजे शंभर पट गेन. कार्ट्रिजमधून साधारण ४ मिलिव्होल्ट येतात, किटमधून ४०० बाहेर पडतात. काम एवढंच, पण पत्रांवरून दिसतंय की एवढ्याशा कामातही भानगडी पुष्कळ. निम्म्याहून अधिक पत्रं एकाच तक्रारीची आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत आणि लांबलचक पत्रांना कात्री लावली आहे.

प्रश्न : किट जोडलं आणि पहिल्या फटक्यात चाललंही. पण गाणं थांबलं की मागे सतत ‘घूं’ ऐकू येतो. व्हॉल्यूम वाढवला की तोही वाढतो, टोनआर्मला (सुई धरणाऱ्या दांड्याला) हात लावला की जरा कमी होतो. सगळं एकाच ॲल्युमिनियमच्या खोक्यात बसवलंय, ट्रान्सफॉर्मरसुद्धा. धातूचं खोकं असताना घूं आत शिरतोच कसा?

उत्तर : तुमच्या बाबतीत तो बाहेरून शिरत नसावा, घरातच बसला असावा. ॲल्युमिनियमचं खोकं विद्युत क्षेत्र छान अडवतं, पण ट्रान्सफॉर्मरचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र (काही देशांत ६०) पातळ ॲल्युमिनियमला जुमानत नाही. लोखंडी पत्रा थोडंफार अडवतो. आणि तुम्ही तर तो ट्रान्सफॉर्मर किटच्याच शेजारी बसवलाय, मग मध्ये पत्राही नाही.

हा घूं इतका मोठा का होतो, ते आकड्यांत बघा. फोनो प्रीअँपचा गेन सगळ्या सुरांना सारखा नसतो. खालच्या सुरांना तो जास्त देतो, कारण रेकॉर्ड कापताना ते मुद्दाम दाबलेले असतात. १ किलोहर्ट्झला शंभर पट असलेला गेन ५० हर्ट्झला सातशे पटीच्या घरात जातो. म्हणजे आत येणाऱ्या तारेत १० मायक्रोव्होल्टचा घूं शिरला, तर बाहेर ७ मिलिव्होल्ट निघतो. संगीत ४०० मिलिव्होल्टचं असतं, तेव्हा हा त्याच्या फक्त ३५ डेसिबल खाली. शांत जागा आली की तो हमखास ऐकू येणार. सीडी प्लेयरच्या तारेत तेवढेच १० मायक्रोव्होल्ट शिरले असते, तर तुम्हाला पत्ताही लागला नसता.

आता शोध. टर्नटेबलच्या तारा किटमधून काढा आणि दोन्ही इनपुटना शॉर्टिंग प्लग लावा. साधे आरसीए प्लग घ्यायचे, आतली मधली पिन आणि बाहेरची कडी एकमेकांना जोडून टाकायची, झाले शॉर्टिंग प्लग. माझ्या प्लगांना मी लाल नेलपॉलिश फासलंय, कारण ते चुकून आउटपुटला लागले तर आउटपुट शॉर्ट होतो. प्लग लावून, नेहमीच्या व्हॉल्यूमला स्पीकरजवळ कान न्या. घूं नाहीसा झाला तर तो टर्नटेबल, त्याच्या तारा किंवा अर्थ यांतला. तसाच राहिला तर तो खोक्यातलाच.

खोक्यातला निघाला तर त्याचा सूर ऐका. गुळगुळीत, जाडसर ‘घूं’ असेल तर तो बहुधा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राचा. ‘झर्रर्र’ असा खरखरीत, वरच्या सुरांची धार असलेला आवाज असेल, तर तो १०० हर्ट्झचा, म्हणजे रेक्टिफायरनंतरचा रिपल (डीसीवर उरलेली लहर). त्यासाठी फिल्टर कपॅसिटरचे आणि रेग्युलेटरचे जोड भिंगातून बघा. चांगला जोड चकचकीत असतो आणि पिनेवर चढत गेलेला दिसतो. ड्राय सोल्डर झालेला जोड मणी होऊन बसतो, आणि भिंगाखाली पिनेभोवती बारीक काळी रेघ दिसते. तिथे जरा नवीन सोल्डर देऊन पुन्हा वितळवा. (बिनशिशाचं सोल्डर मुळातच जरा मळकट दिसतं, त्याला चमकेवरून दोष देऊ नका, रेघ शोधा.)

तुमचं वर्णन वाचून मला दोन्ही शंका आहेत, ट्रान्सफॉर्मर आणि अर्थ. ट्रान्सफॉर्मरसाठी मेन्सचा प्लग काढून त्याचे स्क्रू सोडवा, तो नव्वद अंशांत फिरवा, घट्ट बसवा, झाकण लावा आणि मगच प्लग लावून ऐका. घूं कमी-जास्त झाला तर चोर सापडला. फिरवून भागलं तर उत्तम. नाही भागलं तर ट्रान्सफॉर्मर वेगळ्या डबीत घालून मीटरभर तारेनं लांब ठेवा. मी स्वतः फोनोच्या खोक्यात ट्रान्सफॉर्मर ठेवतच नाही. सुरेख दिसतं म्हणून एकाच खोक्याचा हट्ट धरणाऱ्यांशी वाद घालत नाही, त्यांना शॉर्टिंग प्लग देते.

टोनआर्मला हात लावल्यावर घूं बदलतो, याचा अर्थ आर्मचा धातू अर्थला नीट जोडलेला नाही. टर्नटेबलमधून आरसीए तारांबरोबर एक बारीक सुटी तार येते, तिच्या टोकाला बहुधा इंग्रजी ‘यू’च्या आकाराचा चिमटा असतो. ती किटच्या खोक्यावरच्या अर्थ स्क्रूला घट्ट बसली पाहिजे. स्क्रूखाली रंग किंवा ॲनोडायझिंगचा थर असेल तर ती नुसती दिसायला जोडलेली असते. कानशीनं किंवा पॉलिश पेपरनं तेवढी जागा उघडी करा, मग मल्टिमीटर लावून शून्याजवळ रोध येतो का बघा. आरसीए सॉकेट पॅनेलपासून नायलॉनच्या वॉशरनं वेगळे ठेवा, आणि सिग्नलचा ग्राउंड खोक्याला एकाच जागी, इनपुटजवळ जोडा. दोन जागी जोडलात की ग्राउंडचा लूप तयार झाला, म्हणजे घूंला वाट. सॉकेटपासून बोर्डापर्यंतच्या तारा पीळ देऊन, मेन्सच्या तारांना न चिकटवता न्या.

एक गोष्ट सक्त. घूं घालवायला मेन्सच्या प्लगची अर्थ पिन कापण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. घूं जाईलही. उद्या आत कुठे तार सुटून खोक्याला टेकली तर खोकं जिवंत होईल, आणि तुमचा हात टोनआर्मवर असेल. ते करायचं नाही.

प्रश्न : रेग्युलेटर गरम होतील असं वाचलं होतं, म्हणून ७८१५ आणि ७९१५ दोन्ही एकाच हीटसिंकला घट्ट कसले. चालू करताच एक डायोड जळाला. किट सदोष आहे का?

उत्तर : किट ठीक आहे. ७८१५चा धातूचा पाठीचा पत्रा ग्राउंडला जोडलेला असतो. ७९१५चा पत्रा मात्र त्याच्या इनपुटला, म्हणजे रेग्युलेटरच्या आधीच्या उणे पुरवठ्याला. दोन्ही एका उघड्या धातूवर कसले की उणे पुरवठा थेट ग्राउंडला शॉर्ट. मध्ये अभ्रकाची किंवा सिलिकॉनची चकती आणि स्क्रूला इन्शुलेटिंग बुशिंग हवं. खरं सांगायचं तर एका ५५३२ला लागणारा करंट इतका थोडा आहे की हीटसिंकची गरजच नाही. रेग्युलेटर उघडे ठेवले तरी कोमटच राहतात.

दोघांच्या पिनाही वेगळ्या क्रमानं असतात. अक्षरं तुमच्याकडे तोंड करून असताना ७८१५ला डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९१५ला ग्राउंड, इनपुट, आउटपुट. जळालेला डायोड बदला, बाकीचेही मल्टिमीटरनं तपासा आणि आयसी सॉकेटमध्ये न बसवता पुरवठा चालू करा. सॉकेटच्या ८ नंबरच्या पिनेवर अधिक १५, ४ नंबरवर उणे १५ दिसले, तरच आयसी बसवा. बसवल्यावर १ आणि ७ नंबरच्या पिनांवर डीसी मोजा. काही मिलिव्होल्ट ते वीस-चाळीस मिलिव्होल्ट आले तर ठीक. १३-१४ व्होल्ट दिसले तर ताबडतोब बंद करा, कुठेतरी फीडबॅकचा जोड सुटलेला आहे.

ज्यांना मेन्सच्या तारांना हात लावायची भीती वाटते, त्यांनी एसी ॲडॉप्टरवर चालणारं किट घ्यावं. भीती वाटणं चांगलंच. फक्त त्या किटला डीसी ॲडॉप्टर लावू नका. बऱ्याच जणांनी तसं केल्याचं पत्रांत दिसतं. एसीच्या दोन अर्ध्या लाटांपासून किट अधिक आणि उणे असे दोन पुरवठे तयार करतं. डीसी दिलात तर त्यातला एकच तयार होतो आणि आवाज फाटका येतो किंवा येतच नाही. अशा किटमध्ये रिपलही १०० नसून ५० हर्ट्झचा असतो, तेव्हा वर सांगितलेली सुरावरून ओळखायची युक्ती तिथे चालणार नाही.

प्रश्न : नवीन टर्नटेबलला किट जोडलं. बेस प्रचंड, पण आवाज गोधडीतून आल्यासारखा. पहिल्यांदा वाटलं हाच तो रेकॉर्डचा ‘ऊबदार’ आवाज.

उत्तर : तुमच्या टर्नटेबलच्या मागे किंवा थाळीखाली ‘फोनो/लाइन’ असा एक छोटा स्विच असेल. तो ‘लाइन’वर आहे. म्हणजे टर्नटेबलच्या आत एक फोनो प्रीअँप आधीच चालू आहे, आणि तुम्ही त्याच्या पुढे दुसरा लावलात. स्विच ‘फोनो’वर करा. किटची तार ॲम्प्लिफायरच्या ‘फोनो’ इनपुटला लावली असेल तरी हेच होतं. ती ऑक्स (लाइन) इनपुटला लावा.

आरआयएए, म्हणजे अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेचा, वक्र १९५४पासून सर्वमान्य होत गेला. रेकॉर्ड कापताना खालचे सूर दाबायचे (नाही तर खाचा एकमेकींत घुसतील), वरचे उचलायचे (म्हणजे खरखर झाकली जाईल), आणि ऐकताना बरोबर उलट करायचं. हे उलट करणं दोनदा झालं की १०० हर्ट्झ गरजेपेक्षा साडेचार पट मोठा आणि १० किलोहर्ट्झ पाचव्या हिश्श्याइतका होतो. ऊब ही नव्हे.

प्रश्न : मी दहावीत आहे. किट जोडलंय, पण माझ्याकडे ऑसिलोस्कोप नाही, फक्त मल्टिमीटर आहे. किटचा आरआयएए बरोबर आहे की नाही हे कसं कळेल? रेझिस्टर १ टक्क्याचे आहेत, कपॅसिटर ५ टक्क्यांचे.

उत्तर : तुझं पत्र मला सगळ्यांत आवडलं, कारण तू ‘आवाज कसा आहे’ विचारायच्या आधी ‘बरोबर आहे का’ विचारलंस. मल्टिमीटर पुरेसा आहे.

फोनवर टोन जनरेटरचं ॲप घे. हेडफोनच्या आउटपुटचे ४०० मिलिव्होल्ट फोनोसाठी फारच जास्त आहेत, म्हणून १० किलोओहम आणि १०० ओहम यांचा विभाजक कर. फोनचा सिग्नल १० किलोओहममधून येऊ दे, त्या जोडावरून किटच्या इनपुटला तार, आणि जोडापासून ग्राउंडला १०० ओहम. सिग्नल जवळपास शंभरावा भाग होतो, म्हणजे ४ मिलिव्होल्ट. आधी १ किलोहर्ट्झ लाव. फोनचा आवाज असा जुळव की किटच्या आउटपुटला मल्टिमीटरवर एसी ४०० मिलिव्होल्ट दिसतील. आता फोनच्या आवाजाला हात न लावता १०० हर्ट्झ कर. सुमारे १.८ व्होल्ट आले पाहिजेत. मग १० किलोहर्ट्झ. सुमारे ८२ मिलिव्होल्ट.

१० किलोहर्ट्झला स्वस्त मल्टिमीटर खरा आकडा दाखवेलच असं नाही, बरेचसे काही शे हर्ट्झपर्यंतच नीट मोजतात. त्यावर तोडगा म्हणजे डावा आणि उजवा चॅनल एकमेकांशी ताडून बघ. मीटर खोटं बोलला तरी दोघांच्या बाबतीत सारखंच खोटं बोलेल. आणि खरं तर कानाला तेच जास्त जाणवतं. दोन्ही चॅनल मिळून अर्धा डेसिबल इकडेतिकडे झाले तर फारसं बिघडत नाही, पण डावा वर आणि उजवा खाली झाला की गायिका मधोमध उभी राहत नाही, वरच्या सुरांना एका बाजूला सरकते.

तुझ्या ५ टक्क्यांच्या कपॅसिटरमुळे जास्तीत जास्त सुमारे ०.४ डेसिबलचा फरक पडेल. तो कमी करायचा तर एक सोपी गोष्ट आहे. या किटच्या फीडबॅकमध्ये ३६ आणि १० नॅनोफॅरडच्या जागा आहेत, ३६साठी ३३ आणि ३.३ शेजारी-शेजारी बसतात. मल्टिमीटरला कपॅसिटर मोजायची सोय असेल तर सगळे मोजून जवळच्या जोड्या लाव, एक डावीकडे, एक उजवीकडे. मोजण्यापूर्वी हातात धरून ठेवू नकोस, उष्णतेनं आकडा हलतो. सिरॅमिक वापरायचेच असतील तर फक्त सी०जी जातीचे. एक्स७आर जातीचे छोटे असतात आणि मोहात पाडतात, पण व्होल्टेजनुसार त्यांची किंमत बदलते आणि बोर्डावर टकटक केली तर काही वेळा ती स्पीकरमधून ऐकू येते. माझ्या टेबलावर असा एक बोर्ड मुद्दाम ठेवला आहे. पेन्सिलीनं ठोकायला.

प्रश्न : ५५३२ म्हणजे जुनाट, दहा-वीस पट महाग आयसी लावला की पडदा उठल्यासारखं होतं असं सगळे सांगतात. कोणता घेऊ?

उत्तर : ‘सगळे’ पडदा उठवण्यात पटाईत असतात. मी आकडे देते, तुम्ही ठरवा.

एलएम४५६२ या महाग आयसीची व्होल्टेज नॉइज (आयसीचा स्वतःचा गोंगाट) २.७ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ, ५५३२ची ५. कागदावर पहिला निम्म्यानं शांत. पण मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज म्हणजे बारीक तारेचे हजारो वेढे. त्याचं इंडक्टन्स ५०० मिलिहेन्री धरलं तर १० किलोहर्ट्झला त्याचा रोध ३१ किलोओहमवर जातो. किटच्या इनपुटच्या ४७ किलोओहम रोधाबरोबर (यालाच लोड म्हणतात) मिळून सुमारे २६. आता आयसीची करंट नॉइज या २६ किलोओहममधून जाते. ४५६२ची १.६ पिकोॲम्पियर, म्हणजे ४२ नॅनोव्होल्ट. ५५३२ची ०.७, म्हणजे १८. तुमचा महाग, शांत आयसी या जागी सव्वादोन पट गोंगाट करतो. तोच ४५६२ लाइन स्टेजमध्ये उत्तम आहे. आयसी वाईट नाही, जागा चुकीची.

एफईटी इनपुटचा ओपीए२१३४ व्होल्टेज नॉइजमध्ये ८ नॅनोव्होल्टवर असला तरी त्याची करंट नॉइज नगण्य आहे, म्हणून मूव्हिंग मॅग्नेटला तो शोभतो. बदलून बघायचाच असेल तर तो बघा, सॉकेटमध्ये तसाच बसतो. पण त्याआधी हे करा : सुई उचललेली ठेवून नेहमीच्या व्हॉल्यूमला सुस्कारा ऐका, मग रेकॉर्डच्या सुरुवातीच्या मोकळ्या खाचेत सुई ठेवा. रेकॉर्डची स्वतःची खरखर आयसीच्या सुस्काऱ्याला गिळून टाकते. त्या पलीकडे आयसी कितीही शांत केला तरी तो तुम्हाला ऐकू येणार कुठून?

महाग आणि वेगवान आयसी लावल्यावर आवाज ‘झळाळून’ निघाला, असंही काहींनी लिहिलंय. त्या आयसीला बोटाचा मागचा भाग लावून बघा. चांगलाच तापला असेल तर तो ऐकू न येणाऱ्या वारंवारतेला स्वतःच गात असण्याची शक्यता आहे. ४ आणि ८ नंबरच्या पिनांना अगदी चिकटून १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर आहेत का बघा. या एकाच जागी एक्स७आर चालतो.

आणि दोन आयसींची तुलना करायची तर दोघांचा आवाज एक-दोन दशांश डेसिबलच्या आत जुळवा आणि कुठला चालू आहे हे दुसऱ्याला ठरवू द्या. जरासा मोठा आवाज कानाला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. खरेदीआधी हा प्रयोग करणारे फार कमी, खरेदीनंतर करणारे त्याहून कमी.

प्रश्न : बाकी सगळं छान, पण ‘स’ आणि ‘श’ टोचतात. किटचा दोष की कार्ट्रिजचा?

उत्तर : आधी सांगा, कुठे टोचतात? रेकॉर्डच्या सुरुवातीला ठीक आणि शेवटच्या गाण्याला टोचत असतील तर किटला सोडून द्या. थाळी तेवढ्याच वेगानं फिरते, पण सुईखालून खाच बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते आणि लेबलजवळ जेमतेम २१. तेवढाच ‘स’ निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. तिथे सुईचा आकार, सुईवरचा भार आणि कार्ट्रिजचा कोन यांची परीक्षा असते. प्रोट्रॅक्टर घेऊन कोन तपासा. सुई झिजलेली असेल तर बदला.

सगळीकडे सारखेच टोचत असतील तर मात्र कपॅसिटन्स मोजा. कार्ट्रिजचं इंडक्टन्स आणि तारांचं कपॅसिटन्स मिळून एक अनुनाद तयार होतो. ५०० मिलिहेन्रीला १५० पिकोफॅरड मिळाले तर तो १८ किलोहर्ट्झच्या वर असतो, कुणाला त्रास नाही. २५० झाले की १४, ५०० झाले की १० किलोहर्ट्झ. त्या जागी आधी उंचवटा येतो आणि त्यापुढे आवाज घसरतो. म्हणजे ‘स’ टोचतो आणि तरी झांजेची झिलई जाते, ही विचित्र जोडी दिसली की मी पहिल्यांदा तारांकडे बघते.

पुष्कळ किटांमध्ये इनपुटला २२० पिकोफॅरडचा कपॅसिटर बसवायला देतात. टर्नटेबलच्या तारांचे १०० ते २०० आधीच असतात. कार्ट्रिजच्या कागदावर शिफारस बघा. १०० ते २०० लिहिलं असेल तर बोर्डावरचा तो कपॅसिटर काढा किंवा ४७चा लावा. तारा स्वतः मोजायच्या तर कार्ट्रिजच्या मागच्या चार बारीक क्लिपा चिमट्यानं काढून मोजा. कार्ट्रिज जोडलेलं असताना मोजलंत तर आकडा निरर्थक येईल. आणि कार्ट्रिजला थेट ओहममीटर लावायची सवय नको.

प्रश्न : किट ‘बर्न-इन’ व्हायला, म्हणजे चालून चालून मुरायला, किती तास चालू ठेवावं? शंभर पुरेत?

उत्तर : दहा मिनिटं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर स्थिरावतात, आयसी तापमानाला येतो. त्यानंतर बदलतो तो तुमचा कान, आणि त्यासाठी किट चालू असलं पाहिजे असं नाही, ऐकलं मात्र पाहिजे.

प्रश्न : घरात जुना सुटकेसमधला प्लेयर आहे, त्यात ७८च्या रेकॉर्डही वाजतात. त्याला हे किट लावलं तर आवाज सुधारेल?

उत्तर : बिघडेल. त्या प्लेयरमध्ये बहुतेक सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज आहे. ते काही मिलिव्होल्ट नव्हे तर काही शे मिलिव्होल्ट देतं, आणि त्याची रचनाच अशी की आरआयएएची भरपाई बरीचशी आपोआप होते. त्याला सुमारे एक मेगाओहमचा लोड हवा. ४७ किलोओहमला बेस उडून जाईल, आणि गेनमुळे किटचं आउटपुट फाटेल. तो प्लेयर आहे तसा ठेवा. फक्त त्याची सुई कित्येक ग्रॅम भारानं चालते, तेव्हा जपून ठेवलेल्या एलपी त्यावर लावू नका.

७८बद्दल वेगळं लिहीन. तूर्त एवढंच की त्यांची खाच रुंद असते आणि सुई वेगळी लागते. एलपीची सुई खाचेच्या तळाला घासत जाते. शिवाय त्या काळात प्रत्येक कंपनीचा वक्र आपापला होता, तेव्हा आरआयएए तिथे अंदाजच ठरतो.

प्रश्न : रेकॉर्ड लावली की वूफरचे कोन पुढे-मागे डोलतात, आवाज नसतानाही. स्पीकर खराब होतील का?

उत्तर : लगेच नाही, पण ॲम्प्लिफायरची ताकद ऐकू न येणाऱ्या हालचालीत वाया जाते आणि तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा गढूळ होतो. रेकॉर्ड वाकडी असेल तर थाळीच्या प्रत्येक फेरीला, म्हणजे सेकंदाला अर्ध्याहून किंचित जास्त वेळा, सुई वर-खाली होते. त्यात आर्म आणि कार्ट्रिज यांचा स्वतःचा अनुनाद ८ ते १२ हर्ट्झच्या आसपास, आणि किट या सगळ्याला भरभरून गेन देतं. १९७६ साली आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक-संस्थेनं यासाठी वक्रात २० हर्ट्झखालचा उतार सुचवला होता. पुष्कळ किटांत तो नसतो.

सोपा उपाय आउटपुटच्या कपॅसिटरमध्ये आहे. तुमच्या ॲम्प्लिफायरचा इनपुट रोध माहितीपुस्तिकेत बघा. तो ४७ किलोओहम असेल तर आउटपुटला ०.१५ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर लावला की सुमारे २३ हर्ट्झपासून उतार सुरू होतो आणि ५ हर्ट्झ १३ डेसिबलच्या आसपास दबतो. रोध २२ किलोओहम असेल तर ०.३३ लावा. दोन्ही चॅनलना सारखाच.

प्रश्न : डेनॉनचं डीएल-१०३ कार्ट्रिज मिळतंय. याच किटवर चालेल?

उत्तर : थेट नाही. ते मूव्हिंग कॉइल आहे (त्यात चुंबकाऐवजी तारेचं वेटोळं हलतं), १९६०च्या दशकात जपानच्या एनएचके या प्रसारणसंस्थेसाठी घडवलेलं आणि अजूनही बनतं. त्यातून ०.३ मिलिव्होल्टच येतात. या किटमधून ३० मिलिव्होल्ट निघतील, म्हणजे व्हॉल्यूम शेवटपर्यंत फिरवूनही गाणं दूर आणि सुस्कारा जवळ. किटमध्ये गेनचा रेझिस्टर बदलून दहा पट वाढ मागू नका. २० हर्ट्झला एका आयसीकडून जवळपास ८० डेसिबल मागितल्यासारखं होईल, आणि वरच्या टोकाला त्याच्याकडे फीडबॅकसाठी काही उरणार नाही.

एकास दहाचा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर मध्ये लावा. ०.३चे ३ मिलिव्होल्ट होतात, आणि किटचे ४७ किलोओहम कार्ट्रिजला ४७० ओहम दिसतात. त्याचा स्वतःचा रोध ४० ओहम आहे आणि लोड १००च्या वर हवा, तेव्हा गणित जमतं. तो ट्रान्सफॉर्मर पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून लांब ठेवा, आणि शॉर्टिंग प्लगची परीक्षा आता त्याच्या इनपुटला घ्या.